लागतंय, दुखत नाही

लॉन्ड्रीत तिला सगळे चिमटामावशी म्हणायचे. हे नाव कुणी ठेवलं यावर वाद नव्हता. तिच्या नणंदेने ठेवलं होतं, आणि नणंद ते छाती फुगवून सांगायची.

चहाच्या खोलीतल्या पातेल्याचा एक कान तुटलेला होता. सांडशी कायम बेपत्ता. उकळलेलं पातेलं उतरवायचं कुणी, यावर रोज खल चालायचा. एके दिवशी ती उठली. दोन्ही हातांनी पातेलं उचललं, चहा गाळला, पातेलं मोरीत ठेवलं. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

"ही बाई नाही," नणंद म्हणाली, "हा चिमटा आहे."

नाव चिकटलं ते चिकटलंच. नवीन लागलेल्या पोरीही मावशी म्हणायच्या आधी चिमटा म्हणायला शिकायच्या. तिला राग नव्हता. उलट आतून गोड वाटायचं. कारण लहानपणी ती अशी नव्हती. आंघोळीचं पाणी जरा कढत असलं की घर डोक्यावर घ्यायची. आई म्हणायची, लोण्याची बाहुली आहे, हिला उन्हात ठेवू नका. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात बोट भाजलं आणि ती चुलीपाशी फुंकर मारत उभी राहिली. नणंदेने दारातून विचारलं होतं, "काय गं, स्वयंपाक येतो, की नुसती फुंकरच येते?"

ते तिने गाठीला बांधून ठेवलं होतं.

पुढे हात निबर होत गेले. कधी सुरुवात झाली, तिला सांगता आलं नसतं. आधी वाफेची भीती गेली. मग इस्त्रीची. मग पातेल्याची. कामाने माणूस घडतो, असं ती म्हणायची, आणि ते स्वतःच्या हातांकडे बघून म्हणायची. लोण्याचा चिमटा झाला होता. तो तिने स्वतः केला होता.

एकच खोड राहिली होती. जोरात हसली किंवा शिंकली की मानेच्या मागे, कवटीच्या अगदी खाली, जीवघेणी कळ यायची. डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. म्हणून "वन्सं, हसवू नका" हे तिचं रोजचं वाक्य होतं. आणि हसवू नका म्हटल्यावर नणंदेला चेव यायचा, हे ओघानेच आलं.

दोघी एकाच टेबलाशी उभ्या राहायच्या. लॉन्ड्री मोठी होती. हॉटेलांच्या आणि वसतिगृहांच्या चादरी एका दाराने मळक्या यायच्या आणि दुसऱ्या दाराने घडी होऊन जायच्या. मधे धुण्याची यंत्रं, पाणी पिळून काढणारे ढोल, आणि वाफेवर तापणारा लांबलचक रोलर. रोलरमधून निघालेल्या चादरी गाड्याच्या दांड्यांवर टाकून गार होऊ द्यायच्या. मग गाडा टेबलाशी यायचा आणि मुकादम ओरडायचा, "हात!"

हात म्हणजे तिचा हात. ती चादरीच्या काठाला, चारी कोपऱ्यांना, दुमडून शिवलेल्या पट्टीला हात लावायची. ओलीचिंब चादर कुणालाही ओळखता येते. शिवणीत लपलेला दमटपणा ओळखायला जाणता हात लागतो. कोरडी असली की ती "घ्या" म्हणायची, आणि दोघी दोन टोकं धरून, पुढे येऊन, मागे जाऊन घडी घालायच्या. दमट असली की म्हणायची "परत". तिच्या "घ्या"वर मालकाचासुद्धा भरवसा होता. कारण गठ्ठ्याला एकदा प्लॅस्टिक चढलं की आतली चूक बाहेरून दिसत नाही. तिचा फक्त वास येतो.

तो वास एका हॉटेलातून परत आला.

मुकादमाने गठ्ठा टेबलावर ठेवून प्लॅस्टिक फाडलं. कुबट भपकारा आला. मुकादम उंच होता, खांदे पडलेले. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या डोक्यावर मालक होता आणि मालकाच्या डोक्यावर गिऱ्हाईक, त्यामुळे तो बोलताना नेहमी जमिनीकडे बघायचा.

"मावशी, हा तुमच्या हाताखालून गेलाय."

"माझ्या हाताखालून दमट जात नाही."

"मग हे काय, अत्तर आहे?"

"त्यांनी ओल्या भिंतीला लावून ठेवला असेल. मला काय विचारता? भिंतीला विचारा."

पोरी हसल्या. मुकादमही अर्धवट हसला आणि गेला. पण मग दुसरा गठ्ठा आला. मग एका वसतिगृहाचे अभ्रे आले, काळ्या ठिपक्यांसकट. त्या दिवशी मुकादम हसला नाही.

"हात लावायचा म्हणजे नुसता फिरवायचा नसतो," तो म्हणाला. "कामचुकारपणा मी कुणाचा चालवून घेत नाही. तुमचाही नाही."

रोलरचा आवाज चालू होता, तरी तो शब्द सगळ्यांनी ऐकला.

आयुष्यात लोकांनी तिला हट्टी म्हटलं होतं. तोंडाळ म्हटलं होतं. सासूने एकदा उंटावरची शहाणी म्हटलं होतं. कामचुकार कुणी म्हटलं नव्हतं. शब्द छातीच्या मधोमध लागला.

"आणा दोन चादरी," ती म्हणाली. "एक कोरडी, एक दमट. सगळ्यांसमोर आणा. चुकले तर म्हणा काय म्हणायचं ते."

मुकादमाने आणल्या. पोरी गोळा झाल्या. नणंद हाताची घडी घालून उभी राहिली, जणू निकाल तिने आधीच वाचलाय.

तिने पहिल्या चादरीला हात लावला. सूत कळलं. वीण कळली. काठाशी एक बारीकसा रफू होता, तोही बोटाला कळला. मग दुसरी. ही जरा जुनी, धुऊन धुऊन मऊ पडलेली. शिवण एके ठिकाणी उसवत आलेली. सगळं कळत होतं. पण दोन्ही चादरी सारख्याच होत्या. ती पुन्हा पहिलीकडे गेली. पुन्हा दुसरीकडे. दोन्ही कोरड्या वाटत होत्या. नाही, दोन्ही काहीच वाटत नव्हत्या.

"ही," ती म्हणाली. "ही दमट."

पोरी चादर सोडून एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी नणंदेने ती चादर हातात घेतली आणि तिच्याकडे न बघता म्हणाली, "कोरडी ठणठणीत आहे गं."

मग नणंदेचं लक्ष तिच्या तळहाताकडे गेलं. करंगळीखाली मोठा फोड आला होता, पाण्याने टम्म भरलेला. वाफेच्या नळीचा असणार. सकाळी ती नळीला हात टेकून उभी होती.

"हे कधी झालं?"

तिने तळहात बघितला. दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघितला.

"झालं असेल," ती म्हणाली.

लॉन्ड्रीने ठरवलेला एक डॉक्टर होता. बाजारातल्या जिन्यावर त्याचा दवाखाना, खाली चपलांचं दुकान. बाकावर माणसं दाटीवाटीने बसलेली. फोड बघून त्याने मलम लावलं आणि "हाताला समजत नाही म्हणता?" असं म्हणून एक टाचणी काढली.

"डोळे मिटा. लागतंय का?"

"लागतंय."

"इथे?"

"लागतंय."

बोटं, तळहात, मनगट, कोपर. सगळीकडे लागत होतं. ती खोटं बोलत नव्हती. टाचणीचं टोक नेमकं कुठे टेकलंय, तिला डोळे मिटून सांगता येत होतं. त्याने मुठी आवळून बघितल्या, बोटं उघडझाप करायला लावली. मग सांगितलं, हात उत्तम आहे, वयाच्या मानाने छानच आहे.

बाहेर येताना ती पायरीवर थांबली. आजारी नाही, हे ऐकून माणसाला बरं वाटतं. तिला वाटलं नाही. हात उत्तम असेल तर मग दमट चादरी कुणी सोडल्या?

मुकादमालाही तेच वाटलं. "डॉक्टर म्हणतात हात चांगला आहे," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मग मी काय समजायचं? सोमवारपासून मळक्याच्या खोलीत जा. तिथे नुसतं निवडायचं आहे."

मळक्याच्या खोलीत नव्या पोरी लागायच्या. वर्षं काढून माणूस तिथून टेबलाकडे यायचा. टेबलाकडून तिथे आजवर कुणी गेलं नव्हतं.

"मी जाणार नाही," ती म्हणाली.

"मग घरी जावं लागेल, मावशी."

ती घरी आली ती धुमसतच. नवरा पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, सावधान पुढे वळण आहे अशा. तो ब्रश धूत बसला होता. त्याने तिचं तोंड बघितलं आणि पुढचं वळण ओळखून ब्रश जास्तच मन लावून धुतला.

नणंद मागोमाग आली. शेजारच्याच गल्लीत राहायची, पण भांडायला हेच स्वयंपाकघर लागायचं.

"खरं सांग," ती खुर्ची ओढत म्हणाली. "लक्ष नसतं ना तुझं? गप्पा मारतेस. मीच मारते, मान्य. पण माझं काम बोलताना होतं, तुझं होत नाही."

"वन्सं, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा म्हणजे? घडी मी घालते. दमट चादर माझ्याही हातातून जाते. मी तुझ्या 'घ्या'वर डोळे मिटून घेते. उद्या मलाही धाडतील मळक्यात."

"माझ्या हाताला समजत नाही. किती वेळा सांगू?"

"डॉक्टर म्हणतो समजतं."

"डॉक्टरचं डॉक्टरपाशी."

नणंदेने ओढणीला लावलेली पिन काढली. "आण हात. मी बघते. डोळे मीट."

"तुम्ही काय बघणार?"

"मीट म्हटलं ना. लागतंय का?"

"लागतंय."

"आता?"

"लागतंय."

"बघ! सगळं लागतंय तुला. नाटकं नुसती." नणंदेचा आवाज चढला, आणि आवाजाबरोबर हातही. "आता? आता लागतंय का?"

"लागतंय म्हटलं ना!"

"अगं बाई, रक्त आलं!"

तिने डोळे उघडले. पिन दंडात चांगली रुतली होती. बाजूने रक्ताची बारीक धार लागली होती. नवऱ्याने ब्रश खाली ठेवला.

"अगं, ओरडायचं नाही का?" नणंद किंचाळली.

"कशाला ओरडू? तुम्ही विचारलंत लागतंय का. मी म्हटलं लागतंय."

"लागतंय म्हणजे दुखतंय ना?"

"दुखतंय कुठे म्हटलं मी? लागतंय. पिन लागतेय. अंगाला काहीतरी लागलंय, एवढं कळतंय."

नवरा उठून जवळ आला. नळ तसाच गळत राहिला.

नणंद हळूच खाली बसली. पिन अजून दंडातच होती. कुणी काढायची हे कुणाला सुचेना.

"म्हणजे," नवरा पहिल्यांदाच बोलला, "दाराची चौकट डोक्याला लागते तशी? की भिंत हाताला लागते तशी?"

"भिंत लागते तशी," ती म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "चौकट लागते तसं हाताला कधी लागलं होतं, ते आता आठवत नाही."

नणंदेने पिन काढली आणि रक्त पुसलं. आणि मग ती स्वभावावर गेली.

"हा एवढा मोठा डॉक्टर," ती म्हणाली, "आणि त्याला साधं मराठी येईना! लागतंय का म्हणे. लागतंय का, अन् दुखतंय का, हे दोन प्रश्न आहेत की नाहीत?"

"मलाही कुठे माहीत होतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, सगळ्यांना असंच लागतं. मी फक्त ओरडत नाही."

मोठ्या इस्पितळात नसांची डॉक्टर होती. पन्नाशीची, कानावर पेन खोचलेलं, बोलायला घाई नसलेली. नणंदेने खुर्चीत बसायच्या आधीच बजावलं, "बाई, हिला लागतंय का असं विचारू नका."

"मग काय विचारू?"

"काहीही विचारा. ते विचारू नका."

डॉक्टरीणबाईंनी पिनचा किस्सा ऐकला. हसल्या नाहीत. त्यांनी एक काडी मोडली, एक टोक टोकदार, एक बोथट. "मी एकेक टेकवते. तुम्ही फक्त सांगायचं, टोकदार की बोथट." तिने सांगितलं. बोटांवर, दंडांवर, खांद्यांवर, सगळीकडे बोथट. मग कापूस आला. कापसाचा नुसता धागा टेकला तरी तिला कळत होता. मग काचेच्या दोन नळ्या आल्या, एकीत गरम पाणी, दुसरीत बर्फाचं. हाताला दोन्ही नळ्या नुसत्या गुळगुळीत. काच आहे, एवढंच.

मग डॉक्टरीणबाईंनी काही न बोलता एक नळी तिच्या गालाला लावली.

ती खुर्चीतून उडालीच. "आई गं! गार!"

आपलाच आवाज ऐकून ती चपापली. डॉक्टरीणबाईंनी दुसरी नळी लावली. गरम. पुन्हा पहिली. गार. तिने नळी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच दुसऱ्या गालाला लावली. काही वेळ तशीच धरून बसली.

पुढे मोठ्या यंत्रात झोपवून मानेचा फोटो काढला. मग डॉक्टरीणबाईंनी तो उजेडात धरून समजावलं.

"कातडीखाली पहारेकरी असतात," त्या म्हणाल्या. "वेगवेगळे. कुणी नुसता स्पर्श ओळखतो. कुणी गारवा, कुणी ऊब. कुणी फक्त इजा झाली की ओरडतो. स्पर्शाचा निरोप जाड नसेतून झपाट्याने जातो, दुखण्याचा आणि गरम-गारचा बारीक नसांतून. दोघं हातातून बरोबर निघतात, पण मणक्यातल्या मज्जारज्जूत शिरले की त्यांच्या वाटा फुटतात. स्पर्श आपल्याच बाजूने, मागच्या अंगाने सरळ वर जातो. दुखणं आणि गरम-गार मात्र रज्जूच्या मधोमध बाजू ओलांडतात आणि पलीकडून वर जातात. जिथे ओलांडतात, तिथे तुमच्या रज्जूत पोकळी झालीय. तिच्यात पाणी साठलंय. ही बघा, ही पांढरी रेघ."

"म्हणजे पुलावर पाणी आलंय," नणंद म्हणाली.

"असंच समजा. पलीकडची बस बंद. स्पर्श पुलावर येतच नाही, म्हणून तो पोचतो."

"मग हात?" तिने विचारलं.

"हातात काहीच बिघाड नाही. पहारेकरी जागे आहेत. ओरडतातही. वर ऐकू येत नाही. चेहऱ्याच्या नसा थेट वरच डोक्यात शिरतात, म्हणून गाल शाबूत." मग त्यांनी विचारलं, "हसताना, शिंकताना मान दुखते?"

नणंदेने एकदम तिच्याकडे बघितलं. मग स्वतःच्या पायांकडे.

"मेंदूचा तळाचा थोडा भाग मानेच्या तोंडाशी उतरलाय, बाटलीच्या बुचासारखा. हसलात की दाब वाढतो. पाणी साठायचं कारणही बहुधा तेच. हे एका दिवसात होत नाही. खूप वर्षांचं आहे."

वर्षांचं. वाफेची भीती गेली ते वर्ष. इस्त्रीची गेली ते. पातेलं. ज्याला ती कमाई म्हणत आली, ती गळती होती. लोण्याचा चिमटा झालाच नव्हता. लोणं तसंच होतं, त्याच्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

डोळे भरून यायला लागले, तसा तिला राग आला. रडायला ती इथे आली नव्हती.

"एक सांगा," ती म्हणाली. "दमट चादर गरम नसते. टोचतही नाही. मग ती का कळत नाही?"

डॉक्टरीणबाईंनी कानावरचं पेन काढलं आणि परत तिथेच ठेवलं. "ओलं ओळखणारा पहारेकरी नसतोच. कुणाच्याच अंगात नसतो. गार लागलं, आणि कापड अंगाला धरल्यासारखं लागलं, की मेंदू दोन्ही जोडून म्हणतो, ओलं आहे. तुमच्याकडे गारव्याची साक्षच पोचत नाही."

"म्हणजे अर्ध्या साक्षीवर निकाल देत होते मी."

"हो."

"म्हणजे मी कामचुकार नाही."

"काय?"

"काही नाही. तुम्ही पुढे बोला."

पुढचं असं होतं. ऑपरेशन करता येईल. बूच मोकळं करायचं, म्हणजे पाणी वाढायचं थांबेल. गेलेलं परत येईल, असं वचन नाही. थोडं येईल, कदाचित अजिबात नाही. तोवर गरम कशालाही हात नाही. आधी बघायचं, मग हात लावायचा. पातेलं तर नाहीच.

"करा," ती म्हणाली. "पण आधी मला कामावर एकदा जायचंय."

लॉन्ड्रीत बातमी तिच्या आधी पोचली होती, कारण नणंद तिच्या आधी पोचली होती. पोरी दारातच भेटल्या. एकीने तिचा हात हातात घेतला आणि डोळे पुसले. "किती सोसलंत हो मावशी!"

"काही सोसलं नाही," ती म्हणाली. "सोसायला आधी दुखावं लागतं. हात सोड, काम कर."

मुकादम आला. आज तो नेहमीपेक्षाही खाली बघत होता. "आराम करा, मावशी," तो म्हणाला. "मालकांशी बोललोय. तुमची चूक नव्हती, हे आम्हाला समजलं. आता तुम्ही बिचाऱ्या..."

"बिचारी कोण?"

"म्हणजे आजारपण..."

"मुकादम, तुम्ही मला कामचुकार म्हणालात तेव्हा ते मनाला लागलं, आणि दुखलंसुद्धा. त्या वाटेवरचा पूल शाबूत आहे माझा. पण बिचारी त्याहून वाईट. कामचुकाराला निदान काम तरी देतात. मला टेबल पाहिजे."

"हाताला समजत नाही, तर टेबलाशी काय करणार?"

"गालाला समजतं."

पोरींतून कुणीतरी फिस्सकन हसलं. मुकादमाने मात्र पहिल्यांदाच मान वर केली.

"धुतलेल्या चादरीला तोंड लावणार तुम्ही? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"गिऱ्हाईक त्या चादरीचं काय करतं?" ती म्हणाली. "हात ठेवून झोपतं का? गालच ठेवतं ना? मी साबणाने तोंड धुऊन लावते. तुमचं गिऱ्हाईक रात्रभर लाळ गाळतं."

आता कुणाला हसू आवरेना. मुकादम सोडून. त्याचंही चूक नव्हतं. तीन गठ्ठे परत आले होते, आणि चौथा आला असता तर त्याच्याच अंगाशी आलं असतं.

"रोलरपाशी जायचं नाही," तो म्हणाला.

"नाही जाणार."

"चादर पूर्ण गार झाल्याशिवाय हात नाही."

"नाही लावणार."

"आणि आधी मी बघणार."

"बघा की. मी कुठे पळून चाललेय?"

ती नळाशी गेली. साबणाने तोंड धुतलं, टॉवेलने कोरडं केलं, केस फडक्यात बांधले. परत आली तेव्हा टेबलाशी गाडा उभा होता आणि सगळे त्याच्याभोवती. मुकादम मधे कुठेतरी जाऊन आला होता.

पहिली चादर. तिने काठ उचलला, डोळे मिटले आणि शिवणीवर गाल ठेवला. लहान मूल उशीवर ठेवतं तसा. कोपऱ्यामागून कोपरा फिरवला. "घ्या."

मुकादमाने हात लावून बघितला. मान हलवली.

दुसरी. शिवणीवर गाल टेकताच तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. इतके दिवस हरवलेलं काहीतरी. "परत," ती म्हणाली. आवाज जरा कापला, म्हणून पुन्हा एकदा, मोठ्याने, "परत!"

तिसरी. एक कोपरा, दुसरा, तिसरा. सगळे कोरडे. मुकादम इकडेतिकडे बघायला लागला. ती चौथ्या कोपऱ्याशी आली. गाल ठेवला. थांबली. डोळे न उघडता म्हणाली, "चादर कोरडी. हा एक कोपरा दमट. रोलरला असं जमत नाही. हे कुणा माणसाचं काम आहे."

"ओला हात पुसला होता," मुकादम म्हणाला.

"पुसायला टॉवेल कमी पडले होते लॉन्ड्रीत?" नणंद म्हणाली.

"आता तो शब्द परत घ्या," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर दिलात, सगळ्यांसमोर घ्या."

मुकादमाने आयुष्यात कधी शब्द परत घेतला नसावा. कसा घेतात, हेही त्याला माहीत नसावं. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, गाड्याची दांडी उगाच हलवली आणि रोलरकडे निघून गेला. पोरी पांगल्या. ती टेबलाच्या आपल्या बाजूला, आपल्या जागी उभी राहिली. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं. पण राहा असंही कुणी म्हटलं नव्हतं.

"नाही घेतला," ती म्हणाली.

"घेईल," नणंद म्हणाली. "गिळायला वेळ लागतो. घसा बारीक आहे मेल्याचा."

रोलर सुरू झाला. चादरी निघाल्या, दांड्यांवर चढल्या, गार झाल्या. गाडा खडखडत टेबलाकडे आला. मागून मुकादमाने नेहमीसारखं तोंड उघडलं.

"हा..."

आणि थांबला. सगळी लॉन्ड्री थांबल्यासारखी वाटली. तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तोही, जमीन सोडून, तिच्याकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. मग त्याने छाती भरून श्वास घेतला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला,

"गाल!"

नणंद आधी खिदळली. मग पोरी. मग तिला राहवेना. ती हसली, तोंड उघडून, खांदे हलवून, आणि त्याबरोबर मानेच्या मागे कळ आली. सणसणीत. डोळ्यांपुढे काजवे. तिने एका हाताने टेबल धरलं.

नणंदेचं हसू विरलं. "काय गं, लागलं का?"

"नाही वन्सं," ती म्हणाली, अजून हसतच. "दुखलं."

आणि चादरीचा काठ उचलून तिने गालाला लावला.